आभाळाने खणलेला पाळणा

वैशाख. पूर्णेच्या खोऱ्यातला वैशाख. वर निर्मेघ, निर्दय, पांढरेफटक आकाश. खाली काळी, भेगाळलेली, तृषार्त भुई. आणि त्या दोहोंच्या मध्ये थरथरणारे, झळाळणारे, दिशादिशांतून उकळणारे ऊन. बाभळींनी आपापल्या सावल्या गोळा करून बुंध्याशी दडवलेल्या. पाखरू बोलत नाही, पान हलत नाही. अशा वेळी शहाण्या माणसाने घरात असावे.

पण रानाच्या मधोमध एक बाई बसली आहे. डोईवर पदर, पदरावर ऊन. तिच्यासमोर ओंजळीएवढा मातीचा उंचवटा, आणि उंचवट्यावर एक दगड. नारळाएवढा. निबिड काळा, निस्तेज काळा, उजेडालाही आत ओढून घेणारा काळा. बाईचे नाव वच्छला. ती रोज याच वेळी येते, कारण याच वेळी तिला कोणी काही विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, रानात दगड असायचाच, त्यात नवल ते काय? तर ऐका. हा खारपाणपट्टा आहे. इथे विहिरीचे पाणी अश्रूसारखे खारट, आणि माती पाताळापर्यंत मऊ. कुदळ मारा, काळी माती. पुरुषभर खणा, काळी माती. दोन पुरुष खणा, तरी काळीच माती. पोराला चिंचा पाडायच्या तर फेकायला खडा मिळत नाही. तो ढेकूळ फेकतो आणि चिंचेऐवजी स्वतःच्या डोळ्यांत धूळ पाडून घेतो. इथे दगड उगवत नाही. इथे दगड नवरीसारखा दुरून येतो.

वच्छलाचा पाटा-वरवंटा तसाच आला होता, सातपुड्याच्या पायथ्याच्या तिच्या माहेरून, वरातीच्या गाडीत, तिच्या पायांशी. सासरी, आसरखेडच्या बायांनी नव्या नवरीआधी तो वरवंटाच हातात घेऊन जोखला होता. "दगड चांगला हाये," एक म्हणाली होती. "आता पोरगी कशी निंगते ते पाहू." सगळ्या हसल्या होत्या, आणि पदराआड वच्छलाही हसली होती.

दुरून आलेले दोन दगड. एक माहेरचा, आणि एक आभाळाचा. आभाळाचा आला माघात.

*

माघ. कापूस वेचून झालेला, तुरी सोंगून झालेल्या, रान नांगरून उलथे पडलेले, आणि सांजेच्या केशरी प्रकाशात प्रत्येक ढेकळाला आपापली जांभळी सावली. त्या सांजेला वच्छलाच्या नवऱ्याच्या, देवमनच्या घरात उद्याच्या बारशाची गडबड होती. घुगऱ्यांचा हरभरा भिजत पडला होता. शेजारून मागून आणलेला पाळणा आढ्याला टांगला होता. आणि पाळण्याखाली, धुऊन, तेल लावून, इवलीशी पिवळी कुंची घालून, वरवंटा वाट पाहत बसला होता.

कारण पाळण्यात बाळाआधी वरवंटा जातो. बाया पाळण्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात. कुंचीतला दगड वरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, खालून पुन्हा पहिलीच्या हातात. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. मग दगड निजतो, आणि दगडाच्या कुशीला बाळ निजते. यासारखे टणक हो, यासारखे टिक, उन्हापावसाला भिऊ नको. मग आत्या वाकते, बाळाच्या कानाशी कुर्र करते, नाव सांगते. आणि बाकीच्या बाया त्या वाकलेल्या आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. का घालतात ते कोणालाच ठाऊक नाही. पण बुक्क्यांवाचून नाव पक्के होत नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असते.

देवमनला बहीण नव्हती. आत्या कोण व्हायची, कोणाची पाठ शेकून निघायची, यावर घरात चार दिवस हसणे चालले होते. मुलगी होती. वच्छलाने तिचे नाव पोटात असतानाच मनात ठेवून दिले होते, आणि ते उद्यासाठी जपले होते.

उद्या आला नाही. दुपारपासून लेकराचा श्वास घरघरत होता, आणि सांजवात लागायच्या वेळी, आईच्या मांडीवर, कोणाला हाक न मारता, तो थांबला.

नेमकी तीच वेळ. पश्चिमेकडून एक प्रभा उठली. हिरवी, मग शुभ्र, मग सोन्याची. सारे आकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टरकन फाटले, आणि त्या चिरेतून एक जळती, धावती, गर्जती रेषा उतरली. खिडक्यांची तावदाने थरथरली, बैल दाव्याला हिसडे देऊ लागले, पाळणा आपोआप हलला. क्षणभर वच्छलाच्या मांडीवरचा तो इवला चेहरा सोन्याचा झाला. मग अंधारला.

गाव धावले. गावाबाहेरच्या गायरानात आभाळातून देव उतरला होता, पोत्याएवढा, काळाकुट्ट. टाळ निघाले, नारळ फुटले, लाऊडस्पीकर लागला. उद्याच्या बारशाला येणाऱ्या सगळ्या बाया त्या सांजेला तिकडे होत्या. मी त्यांना दोष देत नाही. आभाळ काही रोज दारात येत नाही. पण ज्याचे जळते त्यालाच कळते. वच्छलाच्या दाराशी त्या सांजेला कोणीही नव्हते.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याला पिंड नाही, दहावा नाही, तेरावा नाही. बाप घेऊन जातो आणि हात धुऊन परत येतो. देवमन एकटाच गेला. धडुत्यातले गाठोडे छातीशी, फावडे खांद्यावर. वाटेपासून दूर, कुत्र्यांपासून दूर, तो आपल्या रानाच्या मध्यापर्यंत चालत गेला आणि तिथे थबकला.

तिथे खड्डा खणलेला होता.

मऊ नांगरटीत हातभर खोल, वाटोळा, ताजा. कडांची माती फुलासारखी बाहेर उमललेली. आणि तळाशी एक काळा दगड, ज्या भुईत हजार वर्षे दगड नव्हता त्या भुईत. देवमन फार बोलणारा नव्हता, फार विचार करणाराही नव्हता. आणि त्या सांजेला त्याच्या बाहूंत खणण्याचे बळ नव्हते. आभाळाने आपले काम हलके केले, एवढेच त्याला उमगले. दगडाला हात लावायला तो धजला नाही. बांधावरची एरंडाची पाने घेऊन त्यांत धरून त्याने तो बाहेर काढला. खड्डा थोडा खोल केला. आत लेकराला ठेवले. माती लोटली. आणि कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काहीतरी जड ठेवायचे असते, म्हणून तोच दगड वर ठेवला.

घरी येऊन त्याने हात धुतले. "जिथं दगड हाये, तिथं," एवढेच तो वच्छलाला म्हणाला. त्यानंतर त्या विषयावर तो शब्द बोलला नाही. बायको रोज दुपारी कुठे जाते हे त्याला ठाऊक होते, आणि ज्येष्ठ तोंडावर आला तरी त्या रानात त्याने अजून वखर घातला नव्हता.

आणि सासूने सुनेच्या केसांवरून हात फिरवत, मायेनेच, सांगितले, "रडू नोको माय. अशा लेकरासाठी रडलं का कूस रुसते. येनाऱ्यानं जानारीले नेलं, असं समज." वच्छलाने समजून घेतले. तिने रडू गिळले. पहिल्या दिवशी गिळले, दुसऱ्या दिवशी गिळले, मग गिळायची सवय झाली. डोळे त्या रानासारखे कोरडे, आणि आत, खोल, कोणी न उपसलेले खारट पाणी.

म्हणून तो दगड. तिच्या लेकराची या जगातली एवढीच खूण. नाव नाही, फोटो नाही, पायाचा ठसा नाही. सपाट, अफाट, एकसारख्या काळ्या रानात तो एक दगड. ती त्याच्यापुढे बसे. कधी वाटे, हाच तो, याने नेली. कधी वाटे, हाच तो, हा राखतो आहे. वैरी की राखणदार, हे न कळताच ती रोज येत होती.

*

वैशाख सरता सरता गावात एक जीप आली. त्यातून उतरल्या शलाका गद्रे. वय पंचेचाळिशीचे, केस आखूड, बूट धुळीने माखलेले, गळ्यात भिंग. पुण्याहून आल्या होत्या. आभाळातून पडणाऱ्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या. गावाने त्यांना मोठ्या अभिमानाने देवाकडे नेले.

देव आता ओळखू येत नव्हता. चार महिन्यांत त्याला दुधाने न्हाऊ घातले होते, दह्याने, तुपाने, मधाने, उसाच्या रसाने. शेंदूर आणि तेलाचे लेप बोटभर जाड चढले होते, म्हणूनच तो एवढ्या अभिषेकांतही टिकला होता. डोळे बसवले होते. खाली विटांचा पार, वर पत्र्याची शेड, शेडवर झेंडा. शलाकाबाईंनी तो आरक्त, तेलकट, सुगंधी देव पाहिला आणि त्या पारावर बसल्या. कपाळाला हात लावला नाही, रागावल्या नाहीत, पण चेहरा असा उतरला की सरपंचाने घाईघाईने चहा मागवला.

"फार प्रेमाने केलंत तुम्ही सगळं," त्या म्हणाल्या. "पण आता तो काही सांगणार नाही. त्याच्या आत काय होतं आणि तुमच्या पंचामृताचं काय, हे आता वेगळं करता येणार नाही."

गावाला अर्धे कळले. देव बाटला असे बाई म्हणते आहे की काय, म्हणून दोघेतिघे गुरगुरले. तेव्हा बाईंनी पाराच्या कोरड्या फटीत पडलेला त्याचा एक कण शोधून काढला, वाटाण्याएवढा. पाण्याच्या बाटलीचे झाकण भरून त्यात तो टाकला. लोक वाकले. बायाही वाकल्या, आणि बायांच्या मागे वच्छला.

कण क्षणभर तसाच राहिला. मग त्यातून बारीक बुडबुडे निघाले. मग तो हळूच, न कुरकुरता, विरघळला, आणि झाकणात उरला काळा चिखल. त्याला वास होता. जळक्या मातीचा, डांबराचा, आणि त्याहून जुन्या कशाचा तरी.

"सूर्याहूनही जुना असेल यातला एखादा कण," बाई म्हणाल्या. मग त्या सांगत गेल्या; आणि 'कदाचित' हा शब्द त्या स्वयंपाकातल्या मिठासारखा प्रत्येक वाक्यात घालत गेल्या.

पृथ्वी लहान होती. तान्ही होती. तिच्यावर दगड पडत होते, एकामागून एक, पाऊस पडावा तसे, युगानुयुगे. भुई वितळे, समुद्र उकळून उडून जात, कवच धरते न धरते तोच नवा घाव. पण त्याच दगडांच्या पोटात, कदाचित, पाणी होते. आज आपण पितो त्यातले काही, कदाचित, तिकडून आलेले. आणि जीव ज्यांपासून घडतो ती द्रव्येही. आणि जिथे घाव पडला तिथे खड्डा झाला, खड्ड्यात पाणी साठले, तळाच्या भेगाळल्या खडकाने ते ऊबदार राखले. आणि त्या उबेत, त्या अंधारात, कदाचित, काहीतरी पहिल्यांदा हलले. लोणारचे सरोवर पाहिले आहे ना? तोही घावच. आज त्या खाऱ्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव सुखाने नांदतात. आणि हेही खरे, की असाच एक मोठा घाव पडला तेव्हा पृथ्वीवरची महाकाय जनावरे समूळ मेली.

मागून एका बाईचा आवाज आला, कोरडा, जरासा चिरका.

"मंग हे दगड जीव आनते का नेते?"

शलाकाबाईंनी मान वर केली. पदराखालचे दोन डोळे त्यांना दिसले. प्रश्न शास्त्राचा नाही, हे त्यांना तिथेच कळले असावे, कारण या उत्तरात त्यांनी 'कदाचित' घातले नाही.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "आणतात कसे, ते अजून नक्की ठाऊक नाही. म्हणूनच एखादा न न्हालेला तुकडा शोधत आले होते. पण आता मृग येईल. कुठे रानात पडलेला असला तरी पहिल्या चार सरींत त्याचा चिखल होईल."

वच्छला पारापासून वळली आणि घरी गेली. त्या दिवशी तिने कणकेत मीठ दोनदा घातले.

चिखल होईल! दगड म्हणजे न सरणारा, न झिजणारा, न मरणारा, असे ती धरून चालली होती. चार सरी. मग वखर फिरेल, तिफण फिरेल, कपाशी उगवेल; आणि त्या अफाट काळ्या रानात माझी लेक कुठे आहे ते मलाही सांगता येणार नाही. ठेवला तरी जाणार. दिला तरी जाणार. ती पाट्यापुढे बसली, मिरची-लसूण घेतला, आणि वरवंट्यावर हात ठेवला. हात तिथेच राहिला. थंड, गुळगुळीत, माहेरचा दगड. याला पाऊस लागला तर काय होते? काही होत नाही. हा न्हातो आणि पुन्हा वाळतो.

संध्याकाळी तिने देवमनला विचारले, "त्या बाईले देऊ का?" काय, ते बोलली नाही. देवमनने बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुह्यं हाये ते," तो म्हणाला. "तुले वाटन तसं कर."

शलाकाबाई परतीची तयारी करत होत्या, तेव्हा वच्छला जीपजवळ येऊन उभी राहिली. "बाई, माह्याजवळ हाये एक. त्याले कोनी आंघोळ नाई घातली. कोनी कुकू नाई लावलं. त्याच्या खाली काय हाये ते आधी सांगतो, मंग न्यायचा का नाई ते तुमी ठरवा." आणि तिने सांगितले. रडली नाही, थांबली नाही, चटणीची कृती सांगावी तसे सांगितले.

बाईंच्या हातातली पिशवी हळूच खाली टेकली. "मी नाही नेणार," त्या म्हणाल्या. "नाही. राहू दे तो तिथे."

"तो राह्यनार नाई ना पन," वच्छला म्हणाली. "तुमीच तं दाखवलं झाकनात. न्या त्याले. फोडा, कुटा, काय करायचं ते करा. पन त्याले इचारजा. आनते का नेते, ते इचारजा. मले कळलं नाई तरी चालन. इचारल्या गेलं पाह्यजे." मग तिने विचारले, "त्याले नाव देता का तुमी?"

"हो. जिथे पडला त्या गावाचं. आसरखेड म्हणून सगळ्या जगात ओळखतील त्याला."

त्या दगडाला नाव मिळणार होते.

"म्हंजे बारसं होते त्याचं," ती म्हणाली. "मंग उद्या सकाळी या. उन्हाच्या आत."

*

सकाळ. पूर्णेवरून आलेला एक थंडसर, क्षीण वारा. पूर्वेला मोतिया प्रकाश, आणि त्या प्रकाशात ते निर्जन, निस्तृण, अथांग काळे रान प्रथमच कोवळे दिसत होते. दोन बाया त्या रानातून चालत गेल्या. एकीच्या हातात रबरी मोजे आणि चकचकीत फॉइलची गुंडाळी. दुसरीच्या पदराखाली काहीतरी जड.

शलाकाबाईंनी मोजे चढवले आणि वाकल्या.

"थांबा," वच्छला म्हणाली. "असं नाई उचलाचं. तुमी त्या आंगानं व्हा."

तिने पदर बाजूला केला. पदराखाली होता वरवंटा. धुतलेला, तेल लावलेला, पिवळी कुंची घातलेला. माघापासून ती कुंची तशीच घडी करून ठेवलेली. शलाकाबाईंना लहानपणी पाहिलेली सारी बारशी एकदम आठवली. त्या उंचवट्याच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या.

दगड उचलला गेला. फॉइलमध्ये गुंडाळला गेला, डोक्यापासून पायापर्यंत, जशी कुंची. आणि मग, त्या ओंजळीएवढ्या उंचवट्यावरून, दिसत नसलेल्या पाळण्यावरून, तो इकडून तिकडे गेला.

"कोनी गोविंद घ्या," वच्छला म्हणाली, आणि तिने तो घेतला.

तिचे हात खाली गेले. चार महिने ती त्याच्यासमोर बसली होती, पण तो हातात घेतला नव्हता. आणि आता हातांनी तो घेतला, तसे हातांनी ओळखले. एवढेच वजन होते. कोपरापासून तळव्यापर्यंत, नेमके एवढेच. ती तो धरून उभी राहिली. वारा थांबला. शलाकाबाई वाट पाहत राहिल्या, कितीतरी वेळ.

"कोनी गोपाळ घ्या." भुईला जवळजवळ घासून, पाळण्याखालून द्यावा तसा, तिने तो परत दिला.

पुन्हा वरून. पुन्हा खालून. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. सूर्याइतका जुना तो दगड एका बाईच्या हातातून दुसऱ्या बाईच्या हातात जात होता, आणि खाली त्याच्याच घावाने झालेल्या खळग्यात एक लेक निजली होती. शेवटी तो शलाकाबाईंच्या हातात राहिला. वच्छलाने कुंचीतला वरवंटा उंचवट्यावर आडवा ठेवला, आणि हाताने माती दाबून पक्का केला.

"हिले आत्या नाई," ती म्हणाली. "तुमी व्हा."

"मी? अहो, मला नाही हे येत."

"येते. कानात सांगा लागते फक्त." आणि तिने चार महिने, आणि त्याआधीचेही कितीतरी महिने, जपलेले नाव बाईंच्या कानात सांगितले. मग बोटाने दाखवले. उंचवट्याच्या कुशीलाच भुईला एक भेग पडली होती, बारीक, खोल, आत अंधार असलेली. कान असावा तशी.

दगड छातीशी धरून त्या विदुषी वाकल्या. गुडघे मातीत टेकले, गाल मातीत टेकला. "कुर्र," त्या भेगेशी म्हणाल्या. मग त्यांनी नाव सांगितले, अगदी हळू.

पाठ वाकलेली होती. बुक्क्यावाचून नाव पक्के होत नाही. वच्छलाने मूठ वळली आणि त्या पाठीत एक बुक्का घातला. हलका, रीतीपुरता.

मग दुसरा. मग तिसरा. आणि तिसऱ्यानंतर ती मूठ थांबेना. ती एका गावाची मूठ होती, त्या सांजेला न आलेल्या सगळ्या बायांची. टाळांची, नारळांची, लाऊडस्पीकरची. कूस रुसेल म्हणून गिळलेल्या एकेका घोटाची. घावावर घाव, घावावर घाव, जसे त्या तान्ह्या, कोवळ्या, निराधार पृथ्वीवर पडले होते. शलाकाबाई हलल्या नाहीत. छातीखाली दगड, छातीखाली भुई, त्यांनी पाठ तशीच दिली.

आणि मग घावातून पाणी आले. वच्छला त्या परक्या पाठीवरच कोसळली, आणि रडली. मोठ्याने रडली. गुरासारखी हंबरून, लेकीचे नाव घेऊन घेऊन रडली. ते खारे, उष्ण, अडवलेले पाणी बाईंच्या मानेवरून ओघळले, आणि त्या तहानलेल्या, भेगाळलेल्या मातीत एकेक थेंब पडत गेला. माती प्रत्येक थेंब पिऊन टाकत होती.

ऊन चढू लागले तेव्हा जीप निघाली. नमुने ठेवायची पेटी मागे रिकामीच होती. दगड शलाकाबाईंच्या मांडीवर होता, आणि खड्डा आला की त्या त्याच्यावर हात ठेवत होत्या.

*

त्या दिवशी वच्छलाच्या घरी पाटा भिंतीला टेकून उभा राहिला, एकटा. सासूने पाट्याकडे पाहिले, सुनेच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिले. वरवंटा कुठे गेला ते तिने विचारले नाही, आणि कूस रुसण्याचेही काही बोलली नाही. तिने कोनाड्यातला लोखंडी खलबत्ता काढला आणि स्वतःच चटणी कुटायला बसली.

रात्री जेवण वाढताना वच्छलाने देवमनला एकच शब्द सांगितला, लेकीचे नाव. त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने तो खाल्ला, पाणी प्यायला, आणि ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडता त्याने त्या रानात वखर घातला. माघानंतर पहिल्यांदाच. पात्याखाली ढेकळे फुटत होती, भेगा बुजत होत्या, काळी भुई मऊ होत होती, आणि मागे दोन बगळे चालत होते. बांधावर भाकरी घेऊन आलेली वच्छला उभी होती. तास सरळ येत होते, एकाला लागून एक, एकाला लागून एक, रानाच्या मध्याकडे.

मध्यावर बैल आले. समोर पिवळी कुंची. देवमनने कासरा ओढला. वखर मातीतून उपसून आडवा केला, आणि पुढे होऊन बैलांच्या कानाशी वाकला.

"बाजूनं घ्या रे राजा हो," तो म्हणाला. "मैना निजली हाये."

बैल वळले. काळ्या मातीत एक वळसा उमटला, पाळण्याएवढा. आणि तिथून पुढे पुन्हा सरळ तास, थेट बांधापर्यंत.